सोळावा रकाना

एम.ए.च्या मुलांना ‘ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी’ करून आणायला सांगितली की ती ग्रंथालयाच्या काउंटरवर येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘‘मॅडम, याचा नमुना कुठे मिळेल?’’ नमुना म्हणजे मोबाइलवर उतरवून घेता येईल असा. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. निवृत्त झाले तरी या एका तासिकेसाठी मला अजून बोलावतात. मी मुलांना नमुना देत नाही, यादी करणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगते. पुस्तकाचे नाव-गाव लिहायचे आणि त्याखाली चार ओळींची टीप जोडायची, हे काम आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालले आहे. पाद्र्यांनी केले, सरकारी कारकुनांनी केले, पोथ्या हुडकणाऱ्या शास्त्र्यांनी केले. प्रत्येकाचा हेतू निराळा होता आणि हेतूप्रमाणे टीपही निराळी झाली. सटीप सूची म्हणजे काय, हे त्यांच्याकडून जेवढे चांगले कळते तेवढे कुठल्याही नियमावलीतून कळत नाही.

सुरुवात कलकत्त्यापासून करते. जेम्स लाँग नावाच्या पाद्र्याने 1855 साली बंगाली पुस्तकांची एक वर्णनात्मक यादी छापली. आधीच्या साठ वर्षांत छापखान्यांतून निघालेली चौदाशे पुस्तके आणि चोपडी त्याने त्यात विषयवार लावली होती. साहेबाच्या दिवाणखान्यात शोभतील तेवढीच पुस्तके त्याने घेतली नाहीत. बाजारात विकली जाणारी पंचांगे, कथा, गाणी अशा चिल्लर मालाकडेही त्याने लक्ष दिले. लोक काय वाचतात हे सरकारला ठाऊक नसेल, तर लोकांच्या मनात काय चालले आहे हेही ठाऊक होणार नाही, हे त्याचे म्हणणे. हाच लाँग पुढे ‘नीलदर्पण’ या नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल 1861 मध्ये महिनाभर तुरुंगात गेला. वर हजार रुपये दंड. निळीच्या मळेवाल्यांना ते नाटक झोंबले होते. याद्या करणारा माणूस म्हणजे जगाच्या भानगडीत नसलेला माणूस, असे ज्यांना वाटते त्यांनी लाँगची हकीकत वाचावी.

सत्तावनचा उठाव होऊन गेल्यावर सरकारलाही लाँगचे म्हणणे पटू लागले. छापखान्यांवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवणे सोयीचे होते. 1867 चा 25 वा कायदा आला तो असा. छापखाने आणि वर्तमानपत्रांची नोंदणी, पुस्तकांच्या प्रती सरकारकडे जमा करणे, आणि जमा झालेल्या प्रत्येक पुस्तकाची टिपणवही ठेवणे, ही त्याची मुख्य अंगे. या वहीत काय लिहायचे हे कायद्याच्या अठराव्या कलमातच सांगितले होते: पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक किंवा भाषांतरकार, विषय, छपाईचे आणि प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक व प्रकाशक, छापून बाहेर पडल्याची तारीख, पाने, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, खिळ्यांवर छापले की शिळेवर, किंमत, आणि मालकी हक्क कोणाकडे व त्याचा पत्ता काय. एकूण चौदा बाबी. दर तीन महिन्यांनी ही माहिती सरकारी गॅझेटबरोबर छापली जाई. मुंबई इलाख्यातली मराठी पुस्तके अशाच तिमाही याद्यांत नोंदली गेली.

मुलांना मी हा चौदा बाबींचा तक्ता फळ्यावर लिहून दाखवते आणि विचारते, यात तुमच्या संदर्भसूचीत नसलेले काय आहे? मुले प्रतींच्या संख्येवर आणि किमतीवर बोट ठेवतात. बरोबरच आहे. किती प्रती निघाल्या आणि कितीला विकल्या, यावरून पुस्तक कोणाच्या हातात जाणार होते याचा अंदाज करता येतो. शिळाछाप की खिळाछाप यावरून छापखान्याची ऐपत कळते. आज प्रबंधाच्या शेवटी आपण जी नोंद करतो, तिच्यातून हे सगळे गळून गेले आहे.

कायद्यात नव्हते ते याद्यांत शिरले. बंगालच्या तिमाही याद्यांत शेवटी शेऱ्यांचा एक रकाना होता, सोळावा. पुस्तकात काय आहे, कथानक काय, भाषा कशी, लेखकाचा रोख कोणाकडे, हे बंगाल लायब्ररीचा अधिकारी तिथे थोडक्यात लिही. कधी स्तुती, कधी अश्लीलतेबद्दल नाक मुरडणे, कधी सरकारविरोधी सूर दिसला की सावधगिरीची खूण. पुढे हे काम भारतीय माणसांकडे आले. चंद्रनाथ बसू हे बंगालीतले नावाजलेले लेखक-टीकाकार; ते 1879 पासून बंगाल लायब्ररीत हे शेरे लिहीत. म्हणजे सरकारसाठी लिहायचे, पण साहित्याची जाण आपली! त्या रकान्यातले काही शेरे आज वाचले तर ती नेटकी पुस्तकपरीक्षणे वाटतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजद्रोहाचे खटले वाढले, तसा याच टिपांचा उपयोग पोलिसांना आणि कोर्टाला होऊ लागला.

मुंबईत वर्तमानपत्रांच्या बाबतीत हाच प्रकार आठवड्याला चाले. देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा सरकारपुढे ठेवला जाई. सोबत पत्रांची यादी असे. तिच्यात पत्राचे नाव, गाव, खप, संपादकाचे नाव, आणि त्यापुढे त्याची जात आणि वयसुद्धा. चित्पावन ब्राह्मण, अमुक वर्षे. लेख कोणी लिहिला यापेक्षा तो कोणत्या जातीचा याची सरकारला जास्त उत्सुकता होती. मुलांना हे ऐकून राग येतो. तो रास्तच आहे, पण मी त्यांना तिथे थांबू देत नाही. हेच अहवाल आज एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पत्रांच्या अभ्यासाचे मोठे साधन आहेत. कित्येक पत्रांचे मूळ अंक नष्ट झाले, गोषवारा तेवढा उरला. पाळत ठेवणाऱ्याने लिहिलेली टीप वापरावी लागते, आणि वापरताना ती पाळत ठेवणाऱ्याने लिहिली आहे हे लक्षात ठेवावे लागते. साधनाचे मूल्यमापन म्हणतात ते हे.

त्याच सुमारास अगदी वेगळ्या हेतूने टिपा लिहिणारा माणूस आपल्याकडे होता. मुंबई इलाख्याचे शिक्षणखात्याचे प्रमुख अलेक्झांडर ग्रँट यांनी 1864 अखेरपर्यंत छापलेल्या देशी भाषांतल्या पुस्तकांची यादी तयार करवली. तिच्यातल्या मराठी भागावर अभिप्राय लिहिला महादेव गोविंद रानड्यांनी. वय पंचविशीच्या आसपास. यादी पाहून रानड्यांनी विचारलेला प्रश्न सरकारचा नव्हता. या भाषेत काय लिहिले जाते आहे, काय लिहिले जात नाही, भाषांतरे किती आणि स्वतंत्र किती, गद्य कुठवर आले आहे, हा त्यांचा प्रश्न. तो त्यांनी जन्मभर सोडला नाही. 1898 साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर त्यांनी जे टिपण लिहिले, त्यासाठी 1867 च्या कायद्याखालच्या सरकारी नोंदींचा उपयोग केला. पोलिसांच्या कामाची यादी एका न्यायाधीशाने भाषेच्या प्रकृतीचा तक्ता म्हणून वाचली.

आता पुण्याकडे येऊ. इथे सूचीचे सगळ्यात कसोशीचे काम झाले ते छापील पुस्तकांवर नाही, हस्तलिखित पोथ्यांवर. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, रा. गो. भांडारकर यांनी मुंबई सरकारसाठी गावोगावच्या पोथ्या शोधून जमवल्या आणि त्यांचे अहवाल छापले. तो संग्रह डेक्कन कॉलेजात होता. 1917 साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी पोथ्या तिथे आल्या. परशुराम कृष्ण गोडे 1919 पासून तिथले अभिरक्षक. त्यांच्या देखरेखीखाली या पोथ्यांच्या वर्णनात्मक सूचीचे खंड निघत गेले.

त्यातली एक नोंद उघडून पाहावी. आधी पोथीचा आकार, इंचांत. मग पाने किती, एका पानावर ओळी किती, एका ओळीत अक्षरे किती. त्यापुढे वर्णन: कागद देशी, लिपी देवनागरी, अक्षर मोठे की बारीक, समासाच्या रेघा लाल की काळ्या, दुरुस्त्या हरताळ लावून केलेल्या, कडा कुरतडलेल्या, अमुक पान गहाळ. मग काळ, कर्ता, विषय. नंतर पोथीचा आरंभ कुठे होतो आणि शेवट कुठे, तेवढा भाग मुळातून उतरवलेला. शेवटची पुष्पिका असेल तर तीही, कारण लेखनिकाने कोणत्या शकात, कोणत्या गावी, कोणासाठी नक्कल केली हे तिथे सापडते. सरतेशेवटी याच ग्रंथाच्या आणखी प्रती कुठे आहेत, औफ्रेख्टने संस्कृत पोथ्यांच्या आपल्या महासूचीत त्यांची नोंद केली आहे का, कोणी छापला आहे का. यात ‘उपयुक्त’, ‘महत्त्वपूर्ण’, ‘अभ्यासपूर्ण’ असला एकही शब्द नाही. तरी ही नोंद वाचून आपल्याला ती पोथी पाहायला पुण्यापर्यंत जायचे की नाही, हे घरबसल्या ठरवता येते. टिपेचे काम तेच असते, दुसऱ्याची एक खेप वाचवणे.

साधन खरे की खोटे हे तोलण्याची सवय मात्र राजवाड्यांनी लावली. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये काढला. वाईला एरंड्यांच्या घरी त्यांना मिळालेली, 1750 ते 1761 या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे त्यात आहेत. प्रस्तावनेत त्यांनी बखरी पत्रांशी ताडून पाहिल्या. बखरकाराने दिलेली तारीख, माणसे, जागा पत्रांत कशी आहेत. कुठे जुळतात, कुठे नाही. बखरी म्हणजे इतिहास असे मानणाऱ्यांना ते जड गेले. राजवाड्यांचा आवाज चढा, मते टोकाची, आणि त्यांच्या कित्येक निष्कर्षांवर पुढच्या पिढीने फुली मारली. पण एक साधन दुसऱ्यासमोर उभे करून त्याची उलटतपासणी घ्यायची, ही शिस्त त्यांच्यापासून मराठीत रुजली. मुलांच्या टिपेत नेमका हाच भाग नसतो. प्रत्येक पुस्तकाची टीप स्वतंत्र खोलीत बसलेली. शेजारच्या पुस्तकाशी तिची ओळखदेखील नाही.

एक गोष्ट मी हमखास सांगते, कारण ती याद्यांविषयी सावध करते. जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ते छापले गेले नाही. छापले गेले नाही म्हणून कुठल्याही छापील पुस्तकांच्या यादीत आले नाही, आणि यादीत नाही म्हणून मराठी नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांना ते दिसले नाही. पहिल्यांदा ते छापले गेले 1979 मध्ये. मधली सव्वाशे वर्षे आपण मराठी नाटकाची सुरुवात त्याला वगळून सांगत होतो. यादी प्रामाणिक असली तरी तिच्या दारावर कोणी तरी आधीच उभा असतो. म्हणून आपली सूची करताना वर दोन ओळी लिहाव्यात: काय घेतले, काय सोडले, का सोडले.

आणि मग शंकर गणेश दाते. ग्रंथालयशास्त्राच्या माणसाला हे नाव कान पकडूनच घ्यावे लागते. 1800 ते 1937 या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ महायुद्धाच्या दिवसांत बाहेर पडली. 1938 ते 1950 चा दुसरा भाग आला 1961 मध्ये. दोन्ही मिळून सव्वीस हजारांच्या वर नोंदी, विषयवार लावलेल्या. त्या काळी संगणक नाही, झेरॉक्स नाही. एकेक ग्रंथालय, एकेक कपाट, एकेक चिठ्ठी. दात्यांनी पुस्तकांवर मते दिली नाहीत. त्यांनी त्याच्याही आधीचे काम केले. असे पुस्तक आहे, अमक्याने लिहिले, अमुक साली अमुक ठिकाणी निघाले, हे पक्के केले. त्याच्याशिवाय मत द्यायचे ते कशावर? मराठीत पीएच.डी. केलेल्या तीन पिढ्या त्या खंडांवर उभ्या आहेत, आणि त्यांतल्या फार थोड्यांनी ऋणनिर्देशात दात्यांचे नाव घातले आहे. राज्य मराठी विकास संस्थेने हे खंड पुन्हा छापले, हे बरे झाले. दात्यांनी 1950 वर ठेवलेले काम शरद गोगटे यांनी पुढे नेले.

एवढे सांगून झाले की मी मुलांना एक पुस्तक देते आणि टीप लिहायला लावते. बहुतेकदा गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’. पहिल्या फेरीत येणारी टीप ठरलेली: ‘सदर ग्रंथ मुंबईच्या इतिहासाच्या अभ्यासकांसाठी अत्यंत उपयुक्त असून लेखकाने मुंबईचे सविस्तर वर्णन केले आहे.’ मी विचारते, हे वाक्य पुस्तक न उघडता लिहिता आले असते का? वर्ग हसतो. मग आपण ती टीप पुन्हा लिहितो. विषय समजा ‘मुंबईतले सुरुवातीचे मराठी छापखाने’. तर टीप अशी होते:

‘माडगावकर, गोविंद नारायण: मुंबईचे वर्णन, 1863. मुंबईत राहणाऱ्या एका शिक्षकाने लिहिलेले शहराचे समकालीन वर्णन. वस्ती, बाजार, देवळे, धंदे, संस्था. गणपत कृष्णाजींच्या छापखान्याची हकीकत यात आहे. ती त्या काळाच्या अगदी जवळून लिहिलेली, म्हणून या विषयासाठी मोलाची. लेखकाला सुधारणांचे कौतुक आहे, ते वजा करून वाचावे. बेटांच्या जुन्या इतिहासाचा भाग पाहिलेला नाही, ऐकलेला-वाचलेला आहे. तो इतरत्र पडताळावा. न. र. फाटक यांनी संपादित केलेली 1961 ची आवृत्ती वापरली. मुरली रंगनाथन यांचा इंग्रजी अनुवाद 2008 मध्ये आला आहे.’

सात-आठ ओळी. त्यांत लाँगचा विषय-गोषवारा आहे, कायद्याच्या तक्त्यातली आवृत्ती आहे, पोथीवाल्यांची ‘आणखी कुठे मिळेल’ ही सोय आहे, राजवाड्यांची उलटतपासणी आहे. रानड्यांसारखा आपला स्वतःचा प्रश्न, म्हणजे माझ्या कामाला याचा उपयोग काय, तोही आहे. परीक्षकाला हवे असलेले सगळे यात बसते: मजकूर काय, लेखक कोण, भरवसा किती, माझ्या विषयाशी संबंध काय. विरामचिन्हे कुठल्या पद्धतीने द्यायची ते विभाग सांगेल, त्यात डोके खपवू नका. पण क्रम मात्र पाळा. आधी पुस्तक हातात घ्या, मग प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि आपल्या विषयाचे प्रकरण वाचा, त्याच दिवशी टीप लिहा. दुसऱ्याच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर उचलू नका. तो प्रकाशकाने विकण्यासाठी लिहिलेला असतो. पुस्तक मिळालेच नाही, तर ‘पाहायला मिळाले नाही’ असे लिहा. त्याने गुण जात नाहीत, आणि गेले तरी चालतील.

शेवटी एक विनंती. तुमच्या टिपा गुण मिळाल्यावर रद्दीत देऊ नका. तुमच्या तालुक्यावर, तुमच्या गावच्या देवस्थानावर, तिथल्या विणकरांवर, एखाद्या बंद पडलेल्या गिरणीवर तुम्ही वीस-पंचवीस पुस्तकांची सटीप सूची केलीत, तर ती कॉलेजच्या ग्रंथालयात एका फाइलमध्ये ठेवायला द्या. पुढच्या वर्षीचा मुलगा तिथून सुरुवात करील. आणि टिपांखाली आपले नाव व तारीख घाला. सोळाव्या रकान्यातल्या बहुतेक शेऱ्यांखाली ती नाहीत. कोणाचे मत आपण वाचतो आहोत हे अभ्यासकांना आज शोधून काढावे लागते. तुमच्या बाबतीत ती वेळ कोणावर येऊ देऊ नका.